रेटिंग भागिले किंमत : स्वस्त आणि चांगली क्राफ्ट बीअर शोधणाऱ्या माझ्याच तक्त्याची चिकित्सा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एक शीट बनवली होती. पुण्यात जिथे जिथे क्राफ्ट बीअर मिळते त्या पबांची नावं, प्रत्येक ठिकाणच्या बीअर, मेनू कार्डावरची किंमत, अ‍ॅपवरचं रेटिंग आणि शेवटच्या रकान्यात मी स्वतः काढलेला एक आकडा. त्याला मी 'मूल्यांक' असं भारदस्त नाव दिलं होतं. सूत्र अगदी साधं : रेटिंग भागिले किंमत, गुणिले शंभर. ज्याचा मूल्यांक जास्त, तिथे पैसे वसूल. शीट आमच्या लॅबमधून शेजारच्या लॅबमध्ये गेली, तिथून हॉस्टेलवर, आणि काही महिन्यांनी कुणीतरी ती मलाच "बघ, भारी आहे" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. माझं एखादं काम दुसऱ्या कुणी वापरण्याचा तो पहिलाच प्रसंग. पेपर तेव्हा एकही नव्हता.

मग आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरची फेलोशिपची तुंबलेली रक्कम एकदाची खात्यात जमा झाली. जेआरएफ २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे, पण 'महिन्याला' हा शब्द किती सैल असतो ते ज्याला मिळते त्याला विचारा. चार मित्रांना घेऊन तो थेट माझ्या शीटमधल्या पहिल्या क्रमांकाच्या पबात गेला. बिल अंदाजाच्या दीडपट आलं. बीअर मवाळ, गॅस गेलेली, आणि वर लोण्यासारखा वास. दुसऱ्या दिवशी सेंट्रीफ्यूज सुरू करता करता तो मला म्हणाला, "ताई, तुझ्या शीटमध्ये आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत होते गं. म्हणून मी विश्वास ठेवला."

राग नव्हता त्याच्या बोलण्यात, त्यामुळे जास्तच लागलं. दोन दशांश स्थळं मीच लावली होती. आकडा नीटनेटका दिसावा, एवढंच कारण.

तर आज ती शीट रेफरीसारखी तपासू या. संशोधनाच्या तयारीत असणाऱ्यांसाठी हे उदाहरण मला सोयीचं वाटतं, कारण 'मोजमापाची वैधता' हे प्रकरण पुस्तकात वाचताना झोप येते आणि बिल हातात आल्यावर झोप उडते. माझ्या शीटमधल्या चुका बहुतेक सिनॉप्सिसमध्ये असतात तशाच आहेत. वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर दिसणाऱ्या 'शहरातल्या दहा पैसे-वसूल जागा' छापाच्या याद्यांतही त्याच आहेत, फक्त तिथे सूत्र लिहिलेलं नसतं.

आधी सूत्राकडे बघू. भागाकार दिसला की आपल्याला वाटतं दोन्ही गोष्टींचा सारखा विचार झाला. झाला का? माझ्या शीटमध्ये सगळ्यात कमी रेटिंग होतं ३.३ आणि सगळ्यात जास्त ४.१. म्हणजे वरचं खालच्याच्या सुमारे सव्वापट. किमती मात्र २७५ पासून ६५० पर्यंत, म्हणजे जवळजवळ २.४ पट. आता भागाकारात कोण कुणाला ओढून नेणार? ज्या चलाचा पसारा मोठा, त्याचंच राज्य. मी नंतर रेटिंगचा रकाना पूर्ण लपवून फक्त किमतीप्रमाणे चढता क्रम लावून पाहिला. वरची नावं जवळपास तीच. म्हणजे 'मूल्यांक' असा काही वेगळा आकडा मी काढलाच नव्हता. स्वस्त जागांची यादी होती, तिला गणिताचा कोट घातलेला. तुमच्या कामात दोन-तीन गोष्टी जोडून एखादा निर्देशांक करणार असाल तर हा खेळ आधी करून बघा : एकेक घटक काढून टाका आणि क्रम बदलतो का ते पाहा. बदलत नसेल तर तो घटक शोभेचा आहे.

दुसरी गोष्ट जरा जुनी आहे. एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये 'सायन्स'मध्ये मोजपट्ट्यांचे चार प्रकार सांगितले : नामिक, क्रमिक, अंतर आणि गुणोत्तर. नेटच्या पहिल्या पेपरसाठी आपण सगळ्यांनी ते घोकलेले असतात. घोकूनही मी रेटिंगला रुपयांनी भागलं! रुपये गुणोत्तर पट्टीवर आहेत. ६०० रुपये हे ३०० च्या दुप्पट. रेटिंग क्रमिक आहे. चार टोप्या मिळालेली बीअर दोन टोप्यांवाल्या बीअरच्या दुप्पट चांगली, या वाक्याला काही अर्थ नाही. (टोप्या म्हणजे बाटलीची झाकणं. अनटॅप्ड नावाच्या अ‍ॅपवर ताऱ्यांऐवजी ती असतात, पावपावच्या टप्प्यांनी पाचपर्यंत.) लोक क्रमिक आकड्यांच्या सरासऱ्या काढतात, मीही काढते, त्यावरून भांडायची माझी इच्छा नाही. पण सरासरीला किमतीने भागून दोन दशांश स्थळं दाखवणं म्हणजे ढोबळ तराजूवर सोनं तोलण्यासारखं आहे.

आता रेटिंग देतं कोण? ज्युलियन मॅकऑली आणि युरे लेस्कोव्हेक यांचा २०१३ चा एक पेपर आहे. त्यांनी बीअरअ‍ॅडव्होकेट आणि रेटबीअर यांसारख्या साइटांवरच्या भल्यामोठ्या परीक्षण-साठ्यावरून, माणूस नवखा असतो तिथपासून तो जाणकार होईपर्यंत त्याची आवड कशी बदलते याचं मॉडेल केलं. त्यातली दोन निरीक्षणं आपल्या कामाची. जाणकार लोक चांगल्या गोष्टीला जास्त भरभरून गुण देतात आणि वाईट गोष्टीला जास्त कडक. आणि काही चवी सवयीने लागतात; जड, तीव्र एल हे त्यातलं ठळक उदाहरण. अशा साइटांवरच्या सर्वोत्तम बीअरच्या याद्या उघडून बघा, इम्पीरियल स्टाउट आणि डबल आयपीए यांची गर्दी दिसेल. साधी, पाच टक्क्यांच्या आतली, नीट बनवलेली व्हीट बीअर त्या गर्दीत खालीच राहते. ती वाईट असते म्हणून नाही. गुण देणाऱ्यांना आता तिचं अप्रूप उरलेलं नसतं म्हणून.

आता एप्रिलमधल्या पुण्यात, दिवसभर फ्यूम हूडसमोर उभी राहून मी संध्याकाळी बाहेर पडते तेव्हा मला दहा टक्क्यांचा काळाकुट्ट स्टाउट हवा असतो का? नसतो. म्हणजे मी ज्या लोकांचं मत वापरलं ते लोक आणि ज्यांच्यासाठी शीट बनवली ते लोक वेगळे होते. नमुना आणि समष्टी यांची ही फारकत प्रबंधात असती तर गाइडने लाल पेनाने गोल केला असता.

याहून मोठी गफलत एककाची. मी एका ओळीत लिहिलं : अमुक पब, व्हीट बीअर, ३.८. हे ३.८ कशाचं? मायक्रोब्रुअरीत बीअर तिथल्याच टाक्यांमध्ये, लहान बॅचमध्ये बनते. या बॅचचा माल्ट थोडा वेगळा, त्या बॅचला यीस्ट जरा थकलेलं, मध्ये ब्रुअर बदललेला. अ‍ॅपवर मात्र नाव तेच राहतं, आणि तीन वर्षांपूर्वीच्या ग्लासाला मिळालेले गुण आजच्या ग्लासाच्या सरासरीत बसलेले असतात. कारखान्यात बनणाऱ्या बाटलीच्या बीअरला असं नाव-एक-चव-एक गृहीत धरणं चालून जातं. तो उद्योग त्या एकसारखेपणावरच उभा आहे. क्राफ्ट बीअरचं आकर्षणच तिच्या बदलण्यात आहे, आणि मी तीच गोष्ट सरासरीत पुसून टाकली.

थोडं विषयांतर. महाराष्ट्रात या मायक्रोब्रुअरींची सुरुवात पुण्यातूनच झाली, २००९ मध्ये, डूलालीपासून. ते नाव आपल्या देवळालीवरून आलेलं आहे. नाशिकजवळच्या देवळाली छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत ब्रिटिश सैनिक पडून असत, आणि कंटाळून, तापाने, दारूने त्यांचं डोकं फिरे. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे वेडा. फेलोशिपची वाट बघणाऱ्यांना हा शब्द जवळचा वाटावा.

असो. सूत्राच्या वरच्या भागाचं हे असं झालं. खालचा भाग, म्हणजे किंमत, तरी ठोस असेल ना? ज्युनिअरचं बिल तिथेच फुगलं होतं.

मेनू कार्डावर लिहिलेली किंमत आणि आपण देतो ते पैसे यांच्यामध्ये बऱ्याच गोष्टी असतात. दारू जीएसटीत नाही. महाराष्ट्रात परमिट रूममध्ये बसून घेतलेल्या दारूवर व्हॅट लागतो. तो नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झाला. काही जागा किमतीत तो धरून लिहितात, काही खाली बारीक अक्षरात 'कर वेगळे' असं लिहितात. मग सेवा शुल्क. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं की हे आपोआप बिलात लावता येणार नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते मान्य केलं. तरीही ते बिलात दिसू शकतं, आणि पाच जणांच्या टेबलावर वेटर शेजारी उभा असताना "हे काढा" म्हणायला जी हिंमत लागते ती सगळ्यांकडे नसते. ज्युनिअरकडे नव्हती. माझ्याकडेही अर्ध्या वेळा नसते.

आणि ग्लास! मी किमतीचा रकाना केला, पण मिलीलिटरचा केलाच नाही. इंग्लंडमध्ये पाइंट म्हणजे ५६८ मिली, अमेरिकेत ४७३, आणि आपल्याकडे 'एक पाइंट दे' म्हटलं की सहसा ३३० ची बाटली येते. मायक्रोब्रुअरीत ग्लास कुठे ३०० चा, कुठे ३३० चा, कुठे ५०० चा. वर फेस वेगळाच. फेसाबद्दल तक्रार करताना जरा जपून. व्हीट बीअरवर फेस असायलाच हवा, सुगंधाचा बराचसा भाग तिथूनच नाकाशी येतो. म्हणूनच तिचा ग्लास उंच असतो आणि जर्मनीत ग्लासावर रेघ मारलेली असते. बीअर रेघेपर्यंत, फेस त्याच्या वर. ब्रिटनमध्ये पबचालकांच्या संघटनेची मार्गदर्शक सूचना अशी, की फेस धरून पाइंट दिला तरी त्यात निदान ९५ टक्के द्रव हवा. रेघ नसलेल्या ग्लासात मात्र फेस कुठे संपतो आणि बचत कुठे सुरू होते ते सांगणं अवघड.

आता हिशोब करून बघू. आकडे समजायला सोपे घेतलेत. पहिल्या जागी ३३० मिलीच्या ग्लासाला ४०० रुपये. मेनू कार्डावरून बघितलं तर मिलीला १ रुपया २१ पैसे. त्यावर दहा टक्के व्हॅट म्हणजे ४०, दहा टक्के सेवा शुल्क म्हणजे आणखी ४०, एकूण ४८०. ग्लासात फेस सोडून प्रत्यक्ष बीअर ३०० मिली. म्हणजे मिलीला १ रुपया ६० पैसे. मेनूपेक्षा ३२ टक्के जास्त. दुसऱ्या जागी ५५० रुपये, कर धरून, सेवा शुल्क नाही, रेघेपर्यंत ५०० मिली. मिलीला १ रुपया १० पैसे. माझ्या शीटमध्ये पहिली जागा स्वस्त होती आणि दुसरी महाग.

मग मिलीने भागावं, प्रश्न सुटला? तेही नाही. मला एकच ग्लास प्यायचा असेल आणि गप्पा मारून घरी जायचं असेल, तर पहिल्या जागी ४८० जातात, दुसऱ्या जागी ५५०. मिलीमागे स्वस्त पडणारी जागा संध्याकाळमागे महाग पडते. 'एकावर एक' वाल्या हॅपी अवर्सचं गणितही असंच. दर अर्धा होतो, खर्च होत नाही, कारण आपण एक प्यायला गेलेलो असतो आणि दोन पिऊन येतो. शेंगदाणे, मसाला पापड वगैरे चकण्याचा हिशोब तर मी धरलेलाच नाही.

अर्थशास्त्र करणाऱ्या एका मैत्रिणीने यावर उपाय सुचवला : रुपयाला किती ग्रॅम अल्कोहोल, असं मोज, म्हणजे वाद नको. मोजता येतं, अगदी स्वच्छ. ३३० मिली, पाच टक्के, म्हणजे १६.५ मिली अल्कोहोल; घनता ०.७८९ धरली तर १३ ग्रॅम. दुकानातली ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बाटली : ५२ मिली, ४१ ग्रॅम. या पट्टीवर कुठलाच पब कधीच जिंकणार नाही, आणि उत्तर नेहमी एकच येणार : दुकानातून सगळ्यात स्ट्राँग ते घ्या. पट्टी विश्वासार्ह आहे, कितीही वेळा मोजा, तोच आकडा. पण ज्याला फक्त अल्कोहोल हवं आहे त्याचा प्रश्न ती सोडवते. क्राफ्ट बीअर शोधणाऱ्याचा तो प्रश्नच नसतो. विश्वासार्हता आणि वैधता यांतला फरक व्हायवामध्ये विचारला तर हे उदाहरण द्या. परीक्षक हसला तर बरं, नाही हसला तर माझं नाव सांगू नका.

इथपर्यंत मी शीटला झोडपत होते. आता उलट बाजूने येणाऱ्या एका युक्तिवादाकडे वळते, कारण तो मला जास्त धोकादायक वाटतो. युक्तिवाद असा : चव वगैरे सगळं डोक्यात असतं, डोळे झाकले तर महाग-स्वस्त काही कळत नाही, तेव्हा सगळ्यात स्वस्त ते घ्या. याला पुरावे म्हणून काही पेपर हमखास पुढे केले जातात.

पहिला ली, फ्रेडरिक आणि एरियली यांचा, २००६ चा. एमआयटीच्या आवारातल्या पबांमध्ये त्यांनी लोकांना साधी बीअर आणि 'एमआयटी ब्रू' अशा दोन बीअर दिल्या. एमआयटी ब्रू म्हणजे तीच बीअर, त्यात बाल्सामिक व्हिनेगरचे काही थेंब. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांच्यात व्हिनेगरवाली चांगलीच लोकप्रिय ठरली. चाखण्याआधी सांगितलं तर पसंती घसरली. पण चाखून झाल्यावर, निवड करण्यापूर्वी सांगितलं तर तेवढी घसरली नाही. रचनेतली खरी करामत या तिसऱ्या गटात आहे. माहिती जर फक्त शेवटच्या मतावर परिणाम करत असती, तर आधी सांगा की नंतर सांगा, फरक पडला नसता. फरक पडला, म्हणजे माहितीने चाखण्याचा अनुभवच बदलला. दोनच गट ठेवले असते तर हे कधी कळलं नसतं. स्वतःचा प्रयोग आखताना 'माझा तिसरा गट कोणता?' हे विचारायची सवय मला या पेपरने लावली.

दुसरा गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांचा, २००८ चा, वाइनवरचा. सहा हजारांहून जास्त आंधळ्या चाखण्यांमध्ये किंमत आणि पसंती यांचा संबंध अगदी किंचित, आणि तोही उलटा निघाला. हे वाक्य सगळे सांगतात. त्याच पेपरात पुढे आहे की वाइनचं प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये संबंध सुलट असल्याच्या खुणा दिसतात. हे वाक्य कुणी सांगत नाही.

तिसरा आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळचा : अल्मेनबर्ग, ड्रेबर आणि गोल्डस्टीन, २०१४. युरोपातल्या प्रसिद्ध लागर बीअर लेबल काढून दिल्या, आणि लोकांना त्यांच्यातला फरक बहुतांशी ओळखता आला नाही. निष्कर्ष योग्यच. पण तो आहे एकाच घराण्यातल्या, एकमेकींसारख्या व्हाव्यात म्हणूनच बनवलेल्या लागरबद्दल. त्यावरून 'क्राफ्ट बीअर म्हणजे सगळी थापेबाजी' इथपर्यंत उडी मारायला मधे पायरी नाही. व्हीट बीअरमधला केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, लवंगेसारखा वास ४-व्हिनाइलग्वायकोलचा; दोन्ही यीस्ट बनवतं आणि लागरच्या यीस्टकडून ते तसे येत नाहीत. हा फरक माझ्या आजीलाही वासावरून कळेल, आणि ती बीअरच्या ग्लासाजवळही जायची नाही.

त्या पेपरात वापरलेली पद्धत मात्र शिकण्यासारखी : त्रिकोणी चाचणी. तीन पेले, दोघांत एकच बीअर, एकात वेगळी. वेगळी कोणती ते सांगा. ही चाचणी घडली तीही बीअरच्याच घरात, १९४० च्या दशकात, डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गमध्ये. आणि ज्या टी-टेस्टशिवाय आपलं पान हलत नाही, ती 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ मध्ये छापणारा गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. छोट्या नमुन्यांवरून निर्णय घेणं ही त्या धंद्याची रोजची गरज होती. आपल्या संख्याशास्त्राच्या पुस्तकात बीअरचा वास बराच आहे, फक्त आपल्याला येत नाही.

आम्हीही एकदा ती चाचणी केली. एकाच पबमधली नेहमीची लागर आणि तिच्यापेक्षा बरीच महाग 'प्रीमियम' लागर. रंग दिसू नये म्हणून हॉस्टेलच्या मेसमधून स्टीलचे पेले नेले. वेटरने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी विसरणार नाही. आम्ही बारा जण. पेले मांडायचे सहा क्रम शक्य असतात, प्रत्येक क्रम दोघांच्या वाट्याला. नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी बारापैकी चार बरोबर येणार. पाच टक्क्यांच्या पातळीवर फरक मानायला आठ बरोबर हवेत. आमचे आले सात.

'जवळजवळ सिग्निफिकंट' हे शब्द कोण पहिल्यांदा बोललं त्यावर अजून वाद आहे. सातला पी-व्हॅल्यू येते सुमारे ०.०६६. यावरून 'दोन्ही बीअर सारख्याच' असं म्हणता येत नाही; बारा जणांच्या चाचणीत मध्यम आकाराचा फरक सुटून जाण्याची शक्यता भरपूर असते. 'फरक आहे' असंही म्हणता येत नाही. आणि समजा वीस जणांत फरक सिद्ध झाला असता, तरी महाग बीअर चांगली की नुसतीच वेगळी, हे त्रिकोणी चाचणी सांगत नाही. तिला तो प्रश्न विचारलेलाच नसतो. आम्ही मात्र घरी जाताना त्यावरून भांडलो.

माझ्या दृष्टीने शीटमधला सगळ्यात मोठा दोष अजून बाकी आहे. पबात बसल्यावर ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त फरक पडतो, तिचा रकानाच नव्हता : बीअर किती ताजी आहे आणि ती नीट ठेवलीय का. ज्युनिअरला आलेला लोण्याचा वास बहुधा डायअसिटाइलचा. आंबवण्याच्या वेळी यीस्ट ते तयार करतं आणि थोडा वेळ दिला तर परत शोषूनही घेतं. ब्रुअरने घाई केली, किंवा टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपात जंतू वाढले, की ते राहून जातं. त्या दिवशी यांतलं काय झालं होतं ते एका ग्लासावरून सांगता यायचं नाही. आयपीएचं दुखणं वेगळं. तिची मजा हॉप्सच्या वासात, आणि तोच सगळ्यात आधी उडतो. ऑक्सिजन लागला की बीअर हळूहळू ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते.

इथे किमतीशी एक गंमतशीर संबंध आहे. एल जातीची बीअर, व्हीट बीअर त्यातच आली, साधारण २० अंशांच्या आसपास आंबते आणि दोनेक आठवड्यांत टाकी मोकळी करते. लागर थंडीत आंबते आणि नंतर कित्येक आठवडे थंड टाकीत मुरत पडते, म्हणजे तेवढा काळ टाकी अडकून. आयपीएला हॉप्स भरपूर लागतात, आणि आपल्याकडे ते मुख्यतः बाहेरून येतात. बनवायचा खर्च तिघींचा वेगळा, पण अनेक पबांत टॅपवरच्या सगळ्या बीअरची किंमत एकच! तेव्हा नीट मुरलेली लागर किंवा भरपूर हॉप्सची आयपीए घेतली तर त्याच पैशांत आपल्याला महागडी वस्तू मिळते. मात्र पुण्यात सगळे व्हीट बीअर मागतात, त्यामुळे ती टाकी भराभर रिकामी होते आणि ताजी मिळते. आयपीए ग्राहकाची वाट बघत बसते. म्हणजे खर्चाच्या बाजूने एक उत्तर, ताजेपणाच्या बाजूने दुसरं. कुठलं बरोबर ते त्या पबात त्या आठवड्यात काय खपतंय त्यावर ठरतं, आणि घरी बसून एक्सेलमध्ये ते कळायला मार्ग नाही.

तिथे जाऊन मात्र कळतं, प्रश्न नीट विचारला तर. मी आधी वेटरला विचारायचे, "काय चांगलं आहे?" याचं उत्तर ठरलेलं : "मॅडम, सगळंच चांगलं आहे," किंवा मग सगळ्यात महाग असेल ते. प्रश्नातच उत्तर भरलेलं, प्रश्नावलीच्या तासाला नेमकं जे करू नका म्हणून सांगतात ते. आता विचारते, "आज सगळ्यात जास्त काय जातंय?" आणि "यातली कुठली शेवटी लागली नळाला?" यांना खरी उत्तरं येतात, कारण ती मतं नाहीत, त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी आहेत. थोडीशी चाखायला मागितली तर बहुतेक ठिकाणी देतात. लोण्याचा किंवा पुठ्ठ्याचा वास तेवढ्यावरही कळतो. रिकाम्या दिवशी बारा नळ चालू असलेल्या जागेपेक्षा पाचच नळ आणि भरलेली टेबलं असलेली जागा मला बरी वाटते. हा माझा अंदाज आहे, चाचणी केलेली नाही.

ग्लास मोजायचीही एक युक्ती सापडली. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली मागवायची, आणि बीअर संपल्यावर, ती जिथपर्यंत होती तिथपर्यंत रिकाम्या ग्लासात पाणी ओतायचं. बाटलीत किती उरलं ते बघितलं की झालं. पाणी नंतर प्यायचं, तेही गरजेचंच असतं.

शीट अजून आहे. मूल्यांकाचा रकाना काढून टाकला. आता रकाने आहेत ते असे : तारीख, वार, बीअर, ग्लासातली प्रत्यक्ष मिली, बिलातली अखेरची रक्कम, आणि वासाबद्दल दोन शब्द. क्रम लावता येत नाही म्हणून हॉस्टेलवर तिची लोकप्रियता पार गेली. ज्युनिअर एकटाच इमानाने भरतो. मध्यंतरी त्याने मला न विचारता शेवटी एक रकाना वाढवला : 'पुन्हा जाणार का?' मी तो काढणार होते, मग बघितलं तर त्याने त्याच पहिल्या क्रमांकाच्या पबासमोर तारीख टाकून नोंद केली होती. "हो. पण मंगळवारी, आणि आधी चाखून."